टेनिसमध्ये फटक्याची ताकद कशी वाढवायची? स्विंगचं टायमिंग मोबाईलच्या स्लो-मोशनने असं तपासा



"फटक्यात जोर येत नाही, कोणती रॅकेट घेऊ?" हा प्रश्न मला कोर्टवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा धडधाकट असतो, जिमला जाणारा असतो. पूर्ण दम लावून बॉल मारतो, तरी तो नेटच्या पलीकडे जेमतेम सर्व्हिस बॉक्समध्ये पडतो. आणि शेजारच्याच कोर्टवर किरकोळ अंगाचा मार्कर गप्पा मारता मारता बॉल थेट बेसलाइनवर पोचवत असतो.

फरक दंडात नसतो आणि बहुतेक वेळा रॅकेटमध्येही नसतो. तो असतो टायमिंगमध्ये. क्रिकेटमुळे हा शब्द आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. पण टायमिंग म्हणजे नेमकं काय, ते मोजता येतं का आणि सुधारता येतं का, हे आपण आज बघणार आहोत. मोजायला महागडं उपकरण लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो.

विषय महत्त्वाचा दोन कारणांनी. एक, नवी चांगली रॅकेट म्हणजे दहा-पंधरा हजारांचा खर्च. दोन, टायमिंग नसताना ताकद लावत राहिलं की त्याची किंमत कोपर आणि खांदा मोजतात.

बॉलला वेग मिळतो कुठून?

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, शाळेतल्या गुणाकाराच्या पुढे काही नाही.

टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅम वजनाचा असतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार तो २५४ सेंटीमीटर उंचीवरून टणक जमिनीवर सोडला, तर साधारण १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. म्हणजे आपटल्यावर बॉल स्वतःची ४० टक्क्यांहून जास्त ऊर्जा गमावतो. याउलट रॅकेटचं गटिंग ताणलं गेल्यावर बरीचशी ऊर्जा परत देतं. म्हणून बॉल जितका गटिंगच्या मधोमध लागेल, तितकं नुकसान कमी.

टेनिसच्या भौतिकशास्त्रात एक साधं सूत्र वापरतात. बॉल गटिंगच्या मध्याजवळ लागला, तर ढोबळमानाने:

बाहेर जाणारा वेग = (०.४ × येणाऱ्या बॉलचा वेग) + (१.४ × रॅकेटचा वेग)

इथे रॅकेटचा वेग म्हणजे बॉल जिथे लागतो त्या जागेचा, त्या क्षणाचा वेग. ०.४ हा आकडा रॅकेटनुसार आणि बॉल कुठे लागला त्यानुसार थोडा बदलतो, पण समजून घ्यायला पुरेसा आहे.

एक उदाहरण घेऊ. टप्पा पडून बॉल ताशी ५० किलोमीटरने तुमच्याकडे येतोय आणि रॅकेट ताशी ८० किलोमीटरने फिरतेय. मग बॉल जाईल २० + ११२ = १३२ किलोमीटर वेगाने. (बॉलला टॉपस्पिन दिला, तर रॅकेटचा काही वेग फिरकीत खर्च होतो, पण हिशोबाची दिशा तीच राहते.)

आता बघा, येणारा बॉल १० किलोमीटरने हळू आला तर तुमच्या फटक्यातून फक्त ४ किलोमीटर कमी होतात. पण रॅकेटचा वेग १० किलोमीटरने घटला तर तब्बल १४ किलोमीटर जातात. म्हणजे सगळा खेळ रॅकेटच्या वेगाचा आहे, आणि तो वेग नेमक्या धडकेच्या क्षणी हवा. आधी नाही, नंतरही नाही.

टायमिंग म्हणजे नेमकं काय?

टायमिंगचे दोन भाग असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला भाग, बॉलशी टायमिंग. बॉल शरीराच्या पुढे, योग्य उंचीवर असतानाच रॅकेट तिथे पोचणं.

दुसरा भाग, स्वतःच्या शरीराशी टायमिंग. पाय, कंबर, खांदा, हात आणि शेवटी रॅकेट या सगळ्यांनी एकामागून एक आपापल्या वेळी काम करणं.

पहिल्या भागात चूक किती महागात पडते ते आकड्यात बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. तुम्ही एका सेकंदाचा फक्त शंभरावा भाग उशीर केलात, तर बॉल १४ सेंटीमीटर जास्त आत शिरलेला असतो. बॉल पुढच्या पायाच्या पुढे घ्यायचा होता, तो कंबरेच्या बाजूला आला. आता हात मोकळा फिरायला जागाच उरली नाही. कोपर अंगाला चिकटलं, मनगट वाकलं आणि रॅकेट पूर्ण वेगात यायच्या आधीच बॉल लागला.

वरच्याच उदाहरणात अशा वेळी रॅकेटचा वेग ८० ऐवजी ६५ भरला, तर बॉल जाईल २० + ९१ = १११ किलोमीटरने. २१ किलोमीटर गेले, आणि दम तितकाच लागला. शिवाय घाईत बॉल मध्याऐवजी कडेला लागला, तर रॅकेट हातात वळते आणि ते ०.४ सुद्धा घसरतं. म्हणजे दुहेरी तोटा.

गोफणीचं तत्त्व

दुसरा भाग समजायला आपली शेतातली गोफण आठवा. ज्वारीच्या कणसांवरची पाखरं हाकलायला माळ्यावरून गोफण फिरवतात. दगड लांब जातो तो नुसत्या मनगटाच्या जोराने नाही. आधी पाय रोवले जातात, मग अंग वळतं, खांदा, हात आणि सगळ्यात शेवटी दोर. प्रत्येक टप्प्याचा वेग पुढच्याला मिळतो, आणि दोराचं टोक योग्य क्षणी सुटलं तरच दगड नेमका जातो.

टेनिसचा फोरहँड असाच आहे. इंग्रजीत याला कायनेटिक चेन म्हणतात, आपण साखळी म्हणू:

- पाय जमिनीला रेटा देतात.
- कंबर नेटकडे वळायला लागते.
- तिच्या मागोमाग छाती आणि खांदे वळतात.
- दंड पुढे येतो. रॅकेट मात्र अजून मागेच लोंबकळलेली असते.
- शेवटी हात आतल्या बाजूला फिरतो आणि रॅकेट चाबकासारखी पुढे येते.

गंमत अशी की कंबर आधी वळली आणि खांदा मागे राहिला की पोटाचे आणि छातीचे स्नायू रबरासारखे ताणले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला की जास्त जोर देतो. पण 'लगेच' महत्त्वाचं आहे. रॅकेट मागे नेऊन तिथेच बराच वेळ थांबलात, तर त्या ताणाचा फायदा विरून जातो.

सगळं एकदम फिरवलं की काय होतं? कंबर, खांदा आणि हात एकाच क्षणी निघाले तर कोणीच कोणाला वेग देत नाही. मग राहिलेला वेग आणायचं काम एकट्या हातावर येतं. फटका जोरदार 'वाटतो', पण जात नाही.

मोबाईलने टायमिंग मोजायचं कसं?

इथून खरा तंत्रज्ञानाचा भाग सुरू होतो. आजच्या बहुतेक मध्यम किमतीच्या मोबाईलमध्ये स्लो-मोशन असतं. सेटिंगमध्ये जाऊन २४० एफपीएस निवडा, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम. एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. बॉल गटिंगवर टेकलेला असतो तो वेळ ५ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे व्हिडिओत ती धडक एखाद-दुसऱ्या फ्रेममध्येच दिसते. नेहमीच्या ३० एफपीएसच्या व्हिडिओत ती बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणून साध्या व्हिडिओवर विसंबू नका.

रेकॉर्ड करताना एवढं सांभाळा:

- मोबाईल खेळाडूच्या बाजूला, फटक्याच्या दिशेला काटकोनात ठेवा. उजव्या हाताच्या फोरहँडसाठी उजव्या बाजूला, ५-६ मीटर लांब, कंबरेच्या उंचीवर. ट्रायपॉड नसेल तर किटबॅगवर टेकवा, पण हातात धरू नका.
- शक्यतो दिवसा उजेडात घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे कोर्टचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण स्लो-मोशनमध्ये सगळा व्हिडिओ फडफडतो.
- रॅकेट वाकडी, केळ्यासारखी दिसली तर दचकू नका. मोबाईलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगवान वस्तू तिरकी दिसते. याला रोलिंग शटर म्हणतात.
- काही मोबाईल ९६० एफपीएस दाखवतात, पण त्यातल्या बऱ्याच फ्रेम सॉफ्टवेअरने मधे भरलेल्या असतात. बघायला छान, मोजायला निरुपयोगी.
- धडकेचा क्षण आवाजावरून ठरवू नका. ६ मीटरवरून आवाज यायला सुमारे १८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तो ४ फ्रेम उशिरा पोचतो. डोळ्यांनीच फ्रेम शोधा.

व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवायला संगणकावर कायनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. मोबाईलवरच्या बऱ्याच व्हिडिओ प्लेअरमध्येही ही सोय मिळते.

व्हिडिओत बघायच्या चार गोष्टी

१. तयारी केव्हा झाली? बॉल तुमच्या बाजूला टप्पा घेतो ती फ्रेम शोधा. त्या वेळी खांदे वळून रॅकेट मागे गेलेली हवी. टप्प्यानंतर रॅकेट मागे जात असेल, तर पुढचं सगळं घाईत होणारच.

२. आधी कोण निघालं? कंबरेवरचा पट्टा किंवा शॉर्ट्सची नाडी कोणत्या फ्रेममध्ये वळायला लागली आणि खांदा कोणत्या फ्रेममध्ये, ते लिहून घ्या. कंबर काही फ्रेम आधी निघायला हवी. दोन्ही एकाच फ्रेममध्ये निघत असतील तर साखळी तुटलेली आहे.

३. धडक कुठे झाली? बॉल लागतानाची फ्रेम थांबवा. फोरहँडला तो पुढच्या पायाच्या थोडा पुढे आणि कंबर ते छाती यामधल्या उंचीवर असला पाहिजे. पोटाजवळ असेल तर उशीर झाला.

४. रॅकेट कुठे सगळ्यात वेगात होती? लागोपाठच्या फ्रेममध्ये रॅकेटच्या टोकावर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर वाढत गेलं म्हणजे वेग वाढतोय. धडकेच्या आधीच ते कमी व्हायला लागलं, तर तुम्ही ब्रेक मारताय. 'बॉल बाहेर जाईल' या भीतीने अनेक जण नकळत हेच करतात.

बॉलचा वेगही काढता येतो. मोबाईल बेसलाइनच्या मागे ठेवा. बेसलाइनवरून मारलेले आणि पलीकडच्या सर्व्हिस लाइनजवळ पडलेले फटकेच निवडा. हे अंतर १८.२९ मीटर आहे. धडकेपासून टप्प्यापर्यंत २०० फ्रेम लागल्या, तर वेळ ०.८३ सेकंद आणि सरासरी वेग ताशी सुमारे ७९ किलोमीटर. हवेमुळे बॉल वाटेत हळू होतो, त्यामुळे रॅकेटवरून निघतानाचा वेग याहून जास्त असतो. पण आपल्याला दुसऱ्याशी स्पर्धा करायची नाही. स्वतःचा आजचा आणि महिन्यानंतरचा आकडा ताडून बघायचा आहे.

आमच्या ग्रुपमधल्या पंचेचाळिशीतल्या एका मित्राचा असाच व्हिडिओ मी काढला होता. तो नवी रॅकेट घ्यायच्या बेतात होता आणि कोपराला पट्टा बांधून खेळत होता. व्हिडिओत दिसलं की बॉलचा टप्पा पडेपर्यंत त्याची रॅकेट पुढेच असते, डावा हात खाली लोंबतो आणि कंबर-खांदा एकत्र फिरतात. दंड मात्र पूर्ण ताकद लावत होता. त्याने आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून विश्रांती घेतली, मग फक्त एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे खांदे लवकर वळवणं. साधारण दीड महिन्याने त्याचे बॉल बेसलाइनजवळ पडू लागले. रॅकेट जुनीच आहे.

टायमिंग सुधारायचे सराव

एका वेळी एकच गोष्ट धरा. प्रत्येकीला एक आठवडा द्या.

पहिला आठवडा, लवकर वळणं. समोरच्याच्या रॅकेटवरून बॉल निघाला की लगेच खांदे वळवा. डावा हात बॉलच्या दिशेने आडवा धरा, म्हणजे खांदा आपोआप वळतो. समोरचा मारत असताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायची सवय लावा. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. त्यामुळे कुठल्याही बाजूला निघायला पाय तयार राहतात.

दुसरा आठवडा, 'टप्पा-फटका'. बॉल जमिनीला लागला की मोठ्याने 'टप्पा' म्हणा, रॅकेटला लागला की 'फटका'. टिमोथी गॅल्वे यांनी १९७४ साली आलेल्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात हा सराव सांगितला होता. ऐकायला बालिश वाटतो, पण लक्ष बॉलच्या लयीवर राहतं आणि हात कसा फिरतोय याची नको ती चिंता सुटते. 'फटका' हा शब्द उशिरा निघत असेल, तर लक्ष बॉलवरून सुटतंय हे ताबडतोब कळतं.

तिसरा आठवडा, सूं आवाज. बॉल न घेता नुसती रॅकेट फिरवा आणि हवेचा 'सूं' आवाज कुठे सगळ्यात मोठा येतो ते ऐका. तो शरीराच्या पुढे यायला हवा. मागेच आला, तर तुम्ही वेग आधीच खर्च केलात. मग वेग न वाढवता आवाज पुढे सरकवायचा प्रयत्न करा.

चौथा आठवडा, साठ टक्के जोर. मित्राला हातानेच बॉल सोडायला सांगा आणि तुमच्या पूर्ण ताकदीच्या साठ-सत्तर टक्क्यांनी मारा. क्रम एकच ठेवा: पाय, कंबर, खांदा, हात. बॉल मधोमध लागतोय असं हाताला जाणवू लागलं की हळूहळू जोर वाढवा. आठवड्याच्या शेवटी पुन्हा व्हिडिओ काढा.

स्मार्ट सेन्सरची गरज आहे का?

रॅकेटच्या मुठीत बसणारे सेन्सर गेल्या दशकात बरेच गाजले. बाबोलाने तर सेन्सर आत बसवलेली रॅकेटच आणली. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ पासून अशा विश्लेषण तंत्रज्ञानाला नियमात जागा दिली. या सेन्सरमध्ये आपल्या मोबाईलसारखेच अॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. रॅकेट किती वेगाने फिरली, धक्का केव्हा बसला हे ते सांगतात. पण कंबर केव्हा वळली, पाय कुठे होते, बॉल शरीरापासून किती लांब होता हे त्यांना दिसत नाही. आणि आपली चूक बहुतेक तिथेच असते. म्हणून माझं मत, आधी व्हिडिओ, मग वाटलंच तर सेन्सर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूठ घट्ट आवळली तर ताकद वाढते का?
नाही. बॉल ५ मिलिसेकंदांत निघून जातो, तेवढ्यात तुमच्या पकडीला बॉलच्या वेगात भर घालायला सवडच मिळत नाही. उलट आवळलेल्या मुठीमुळे मनगट अडकतं, रॅकेट हळू फिरते आणि धक्का कोपरापर्यंत पोचतो. रॅकेट सुटणार नाही इतपतच धरा.

बॉल तर निघून गेला, मग फॉलो-थ्रू कशाला?
बरोबर आहे, नंतरच्या हालचालीने बॉलवर काहीच परिणाम होत नाही. पण रॅकेट धडकेनंतर लगेच थांबवायची असेल, तर ब्रेक धडकेच्या आधीच मारावा लागतो. पूर्ण फॉलो-थ्रू म्हणजे ब्रेक मारला नाही याचा पुरावा.

गटिंग सैल केलं तर?
एक-दोन किलो ताण कमी केला तर बॉल थोडा खोल जातो आणि हाताला मऊ वाटतं. पण वेगातला फरक अगदी थोडा असतो. टायमिंगची कसर गटिंग भरून काढत नाही.

लहान मुलांना हे शिकवावं का?
फ्रेम मोजायला लावू नका. त्यांना वयाप्रमाणे हळू बॉल द्या. नेहमीच्या बॉलपेक्षा लाल बॉल साधारण ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के हळू असतो. बॉल हळू आला की मुलांना वळायला वेळ मिळतो आणि साखळी आपोआप बरोबर बसते. मोठ्या बॉलवर घाईने मारायची सवय एकदा लागली की ती मोडणं फार जड जातं.

कोपर दुखत असेल तर सराव करावा का?
नाही. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. विशेषतः एकहाती बॅकहँडला उशीर होऊन वाकलेल्या मनगटाने बॉल मारत राहिल्यास कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूबंधावर ताण येतो. दुखणं अंगावर काढून खेळणं म्हणजे पुढचे कितीतरी महिने घरी बसायची तयारी.

थोडक्यात सांगायचं तर

ताकद हवी असेल तर जास्त जोर लावू नका, जोर योग्य क्षणी पोचवा. लवकर वळा, कंबरेला आधी निघू द्या, बॉल पुढे घ्या आणि मधे ब्रेक मारू नका. येत्या रविवारी दहा फोरहँडचा स्लो-मोशन व्हिडिओ काढा आणि वरच्या चार गोष्टी कागदावर लिहा. नवी रॅकेट घ्यायची की नाही, हे त्यानंतर ठरवा. कंबर आणि खांदा तुमच्या व्हिडिओत एकाच फ्रेममध्ये निघतात की वेगवेगळ्या, ते आम्हाला नक्की कळवा.